अक्का, दिल्लीत तुम्हाला काहीच आवडलं नाही

अक्का, तुमच्याबद्दल गोड लिहायचं मला जमणार नाही. जमलं असतं तरी तुम्ही ते वाचून म्हणाला असता, "यात मसाला कुठी हाये?" तुम्हाला जन्मात कोणाचं रांधलेलं आवडलं नाही, मग माझं लिहिलेलं कुठून आवडणार. तरी लिहिते आहे. प्राचीचा बंगळूरहून फोन आला, "आई, यावलच्या अक्का गेल्या." मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे.

तुमचा हेमंत आणि माझी प्राची नवरा-बायको होते. आता नाहीत. म्हणजे तुम्ही माझ्या विहीणबाई होतात, आणि मरायच्या बऱ्याच आधी तेही राहिला नव्हतात. नवरा गेला की बाईला काय म्हणायचं ते लोकांना पाठ असतं. मुलांचा काडीमोड झाल्यावर विहिणीला काय म्हणायचं, ते कोणालाच ठाऊक नाही. लग्नात आपण एकमेकींना साड्या नेसवल्या आणि आपापल्या घरी जाऊन त्या साड्यांना नावं ठेवली. त्याला काही मी नातं म्हणत नाही. आपलं खरं नातं जमलं ते दिल्लीत, एका थंडीत, आणि तेही न पटणाऱ्या जेवणांवर.

प्राचीनं मला बोलावून घेतलं होतं. "थोडे दिवस ये, आणि अक्कांनाही आण," एवढंच म्हणाली. सगळं घर तुम्हाला अक्काच म्हणायचं, हेमंतसुद्धा. दोघांचं काहीतरी बिनसलंय हे मला आवाजावरून कळलं. तुम्हालाही कळलं असणार, पण मी धुळ्याहून येऊन भुसावळच्या फलाटावर भेटल्यावर तुम्ही बोललात ते माझ्या पिशवीबद्दल. "एवढंसंच?" तुमच्याकडे दशम्यांचं गाठोडं, शेंगदाण्याची चटणी, कांदे, आणि बागेतल्या केळ्यांची एक अख्खी फणी होती. दुसऱ्या महायुद्धावर निघाल्यासारख्या निघाला होतात. गाडी सुटल्यावर तुम्ही मला दशमी दिलीत आणि वर म्हणालात, "धुयाच्या माणसाले मऊ लागते, माहीत हाये मले." ती दशमी चामड्यासारखी होती, अक्का. तेव्हा मी गप्प बसले, आता सांगते.

प्राचीनं माझ्या फोनवर दिल्लीत कुठे काय खावं याचे व्हिडिओ पाठवले होते. त्यात एक दाढीवाला तरुण प्रत्येक घासाला डोळे मिटून मान हलवायचा. तुम्ही माझ्या खांद्यावरून पाहिलंत आणि विचारलंत, "याचं पोट दुखून राह्यलं का?" त्या एका वाक्यासाठी तुमचे सगळे अपराध माफ करावेत असं मला अजून वाटतं. या व्हिडिओवाल्यांइतकी तुच्छ जमात मी पाहिली नाही. शहरात उतरतात, चार दुकानांपुढे उभे राहतात, सगळीकडे तोच चेहरा करतात आणि सगळीकडे तेच सांगतात, की इथं खाल्लं नाही तर जन्म फुकट. यांच्या नादानं माणसं अर्धा दिवस रांगेत उभी राहतात आणि शेवटी खातात काय, तर गार झालेला फोटो.

मयूर विहारमधलं प्राची-हेमंतचं घर नेटकं होतं. एवढं नेटकं की त्यात कोणी राहत असावं असं वाटेना. हेमंत आणि प्राची एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागत होते. "दूध संपलंय." "आणतो." बस्स. पहिल्याच सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात शिरून डबे हुंगायला लागलात, जिरं जुनं झालंय, तूर डाळ पॉलिशची आहे, असं मोठ्यानं बोलत. प्राचीचा चेहरा उतरला. तिनं ऑफिसला निघताना माझ्या कानात सांगितलं, "आई, तुम्ही दोघी रोज बाहेर फिरा, बाहेर खा. प्लीज." अशा रीतीनं मी आणि तुम्ही, जिला तुमचा उद्धटपणा सोसवत नव्हता ती आणि जिला माझा मऊपणा सोसवत नव्हता ती, राजधानीत खात फिरायला निघालो.

पहिल्या दिवशी छोले-भटुरे. भटुरा ताटात फुगून आला. तुम्ही त्याला बोट टोचलंत, हवा निघून गेली, भटुरा खाली बसला. "एवढंच होतं का?" तुम्ही वाढप्याला विचारलंत. त्याला मराठी कळलं नाही हे आपलं नशीब. छोले काळपट आणि चांगले होते, मी ते निपटून खाल्ले. तुम्ही दोन घास खाऊन ताट सरकवलंत. ते सरकवणं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. रागानं नाही, घाईनं नाही. तळहात ताटाच्या कडेला लावायचा आणि एक वीतभर लांब करायचं, जणू ते चुकून तुमच्यापुढे आलं होतं.

दुसऱ्या दिवशी चांदणी चौकात पराठ्यांची गल्ली. तिथले पराठे तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात. "पराठा म्हनून पुरी देऊन राह्यले हे लोक," तुम्ही म्हणालात, आणि इथं मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं होते. ती गल्ली म्हणजे निव्वळ नावावर चाललेला धंदा आहे. पण मग पाटीवर केळ्याचा पराठा दिसला आणि तुमचे डोळे चमकले. तुम्ही तो मागवलात, उलगडलात, आतलं केळं बोटानं बाहेर काढून नाकाशी नेलंत. "पावडर मारून पिकवेल हाये. सगयं वाया." मी सहज म्हणाले, की यावल-रावेरची केळीच तर गाड्या भरभरून दिल्लीला येतात, हे तुमच्याच बागेतलं असेल. तुम्ही संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. ती माझी त्या प्रवासातली सगळ्यात शांत दुपार.

असं पुढं चालू राहिलं. गोलगप्प्यांचं पाणी तुम्हाला पाणचट. गाजराचा हलवा गोड, जणू हलवा आणखी कसा असतो. एका राज्याच्या भवनातल्या खानावळीत तिथली थाळी खाल्ली, तर भात मोकळा आहे यावरसुद्धा तुमचा आक्षेप. मी मात्र खात होते. सकाळच्या वेळी रिक्षावाले उभ्यानं खात होते तिथली डाळ भरलेली बेडमी पुरी आणि बटाट्याची रस्सा भाजी खाल्ली आणि मला माझ्या आईची आठवण आली. ती असं काही तिखट खाल्लं की अहिराणीत म्हणायची, "भलती गोडी शे याले." मी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तुमच्या धुयाकडे 'शे' म्हनता, तव्हाच चव बिघडते." तुमच्या तोंडात 'ळ' कधी आला नाही, सगळ्याचं सगयं आणि केळीचं केयी, आणि तुम्ही आमच्या बोलीला हसत होतात.

शेवटी हेमंतनं आपल्या सगळ्यांना एका मॉलमधल्या हॉटेलात नेलं. तिथं जेवण पाटीवर आलं. खरोखरची काळी दगडी पाटी, तिच्या एका कोपऱ्यात चमचाभर काहीतरी आणि बाकी पाटी रिकामी. "बाकीचं पुसलं का कोनी?" तुम्ही विचारलंत. प्राची खळखळून हसली. दिल्लीत आल्यापासून मी ऐकलेलं तिचं ते पहिलं हसणं. हेमंत हसला नाही. "अक्का, खाऊन तर पाहा. प्राचीनं किती आधी टेबल राखून ठेवलं होतं," तो म्हणाला. तुम्ही चव घेतलीत आणि पाटी सरकवलीत, वीतभर.

मग प्राची बोलली. आवाज न चढवता. "मला बंगळूरला चांगली नोकरी मिळाली आहे. मी ती घेतली. पुढच्या महिन्यात जाते आहे."

 हेमंत काटा-चमचा घेऊन पुढ्यातलं कापत राहिला, बारीक, आणखी बारीक. आपण दोघी वाट पाहत होतो. वेटर येऊन पाणी ओतून गेला.

"पाहिलंत?" प्राची तुमच्याकडे बघून म्हणाली. माझ्याकडे नाही, तुमच्याकडे. "ओरडत नाही, मारत नाही, पीत नाही. फक्त बोलत नाही. महिनाभरसुद्धा नाही. मी काय सांगायचं लोकांना, की माझा नवरा मला काय करतो?"

तुमच्या त्या मुलाबद्दल मी काय लिहू. मी त्याच्याइतका सभ्य आणि त्याच्याइतका निष्ठुर माणूस पाहिलेला नाही. असल्या गप्प माणसांना लोक शांत म्हणतात, सोशिक म्हणतात, देवमाणूस म्हणतात. मला त्यांचा तिटकारा आहे. शिवी देणारा निदान समोर कोणी आहे हे कबूल तरी करतो.

दुसऱ्या दिवशी आपण इंडिया गेटच्या हिरवळीवर उन्हात बसलो होतो. तुम्ही साडीवर हेमंतचं जुनं स्वेटर घातलं होतं. दूरवर बघत तुम्ही विचारलंत, "तुमच्या पोरीले माह्या पोरात काय कमी दिसलं?"

"तुम्हाला भटुऱ्यात काय कमी दिसलं?" मी म्हणाले.

"खानं अन् नवरा एकच हाये का?"

"नाही. खाणं एका वेळचं असतं, अक्का."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "चालवून घ्या लागते. मी नई घेतलं? हेमंतचे आबा कुठी बोलतात? पूर्ण जिनगी गेली. बागेतून आले, जेवले, झोपले. मी चालवूनच घेतलं ना."

"तुम्ही?" मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, आजूबाजूची माणसं बघायला लागली. "या अख्ख्या दिल्लीत तुम्ही एक घास चालवून घेतला नाहीत. मीठ चिमूटभर इकडचं तिकडं झालं की ताट सरकवता. आणि माझ्या मुलीला सांगता, सगळा जन्म गिळ म्हणून?"

 तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठलात आणि चालायला लागलात. मला वाटलं, गेल्या, आता हिंदी येत नसताना या शहरात हरवतील आणि मला शोधत फिरावं लागेल. पण तुम्ही रस्त्याकडेच्या एका गाडीपाशी थांबलात आणि दोन द्रोण घेऊन आलात. निखाऱ्यावर भाजलेलं रताळं, सोलून फोडी केलेलं, वर लिंबू, काळं मीठ आणि कसल्याशा आंबट फळाच्या चकत्या. दिल्लीत त्याला शकरकंदी म्हणतात. आपण खायला लागलो. मी वाट पाहत होते, आता नाव ठेवाल, आता द्रोण सरकवाल. तुम्ही द्रोण रिकामा केलात, बोटं चाटलीत आणि दुसरा आणायला गेलात.

"आवडलं म्हणायचं का?" मी विचारलं.

"रतायं हाये हे," तुम्ही म्हणालात. "जमिनीतून येते. त्याले दिल्ली काय करनार?"

पुढे जे व्हायचं ते झालं. प्राची बंगळूरला गेली. काडीमोड झाला, तोही हेमंतच्या पद्धतीनं, एक शब्द न बोलता, वकिलामार्फत. तुमच्या भावकीनं माझ्या मुलीच्या नोकरीला, शिक्षणाला आणि धुळ्याच्या पाण्याला दोष दिला. माझ्या नातेवाइकांनी केळीच्या पैशाला आणि यावलच्या हवेला दिला. दोन्हीकडचे लोक सारखेच फालतू होते, सारख्याच आवाजात बोलत होते. मी तुमचा नंबर खोडणार होते. तेवढ्यात तुमचाच फोन आला.

"विहीणबाई, यंदा तुमच्याकडे वांगी कशी हायेत?"

"आता कसली विहीण, अक्का," मी म्हणाले.

"कागद त्याईचा झाला. आपला कुठी झाला?"

मी तुम्हाला सांगितलं, की वांगी चांगली आहेत. तुम्ही म्हणालात, धुळ्याच्या वांग्यात बियाच फार. आणि मग आपण बोलत राहिलो, वर्षानुवर्षं, आठवड्याआड, कधी भरतावरून, कधी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवरून, पण फिरून फिरून दिल्लीवरच. तुमच्या गावात कोणी दिल्लीला निघालं की तुम्ही त्याला आधी दशम्या बांधून न्यायला सांगायचात आणि मग माझा नंबर द्यायचात. "काय खायाचं ते धुयाच्या विहीणबाईले इचारा. ती सगयं खाते." अनोळखी माणसं मला फोन करायची. मीही सांगायचे, की थंडीतच जा, उन्हाळ्यात त्या शहरात पाण्याखेरीज काही घेऊ नका. व्हिडिओत दिसतं त्या दुकानाला वळसा घाला. सकाळी बेडमी पुरी खा. गाजर लालभडक असेल तरच हलवा घ्या. पराठ्यांच्या गल्लीत नुसतं बघून या. आणि काहीच पटलं नाही तर रताळं खा. हे शेवटचं ते लोक तुम्हाला परत येऊन सांगायचे, आणि तुम्ही मला फोन करून विचारायचात, "रताय्याचं कायले सांगता सगयाईले?" आवाजात राग असायचा. तो खोटा राग ओळखायला मला फार वेळ लागला, आणि ओळखल्यावर मी त्याची एकही संधी चुकू दिली नाही.

शेवटच्या फोनवर तुमचा आवाज बारीक झाला होता. काही खाववत नाही म्हणालात. "कधी खाववत होतं?" मी म्हणाले. तुम्ही हसलात, मग खोकलात.

"तुमी म्हटलं होतं ना दिल्लीत," तुम्ही म्हणालात, "की मी एक घास चालवून घेत नई."

"म्हटलं होतं. खोटं होतं का?"

"खोटं नई. पन मले दुसरं काय सरकवता येत होतं? ताटच तेवढं हाताशी होतं."

  मी काहीतरी औषधांचं विचारलं. तुम्ही त्याकडे लक्ष दिलं नाहीत.

"प्राची कशी हाये?"

"बरी आहे. एकटी राहते, पण मजेत असते."

"जेवते ना पोटभर?"

"जेवते."

"मंग ठीक हाये," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात. माझ्या मुलीच्या बाजूनं तुमच्या घरातून आलेला तो एकमेव निकाल. मी तो तिला कळवला आहे. ती फोनवर बराच वेळ रडली.

तुमच्या घरी द्वारदर्शनाला, सांत्वनाला यायचं ठरवलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "आपलं आता काय नातं? कुठं बसशील तिथं?"  मी पारोळा, जळगाव करत, बस बदलत यावलला पोहोचले. तुमची बैठकीची खोली बायकांनी भरली होती. आबा दाराजवळ खुर्चीवर बसले होते. हेमंतनं मला पाहिलं, पाण्याचा पेला आणून दिला आणि आत निघून गेला. 

तुमच्या फोटोजवळ, जिथं विहिणीनं बसायचं तिथं, हेमंतच्या दुसऱ्या बायकोची आई बसली होती. नाशिकच्या आहेत म्हणे. रुमालानं कोरडे डोळे टिपत त्या सांगत होत्या, "इतक्या साध्या होत्या हो अक्का. पुढ्यात येईल ते मुकाट खायच्या. कधी कशाला नाव ठेवलं नाही. आजकाल अशी माणसं कुठं मिळतात." बाकीच्या बायका माना हलवत होत्या. तुमच्या धाकट्या जावेनंसुद्धा हलवली, जिच्या हातच्या वरणाला तुम्ही आयुष्यभर डबकं म्हणत आलात.

मी ऐकून घेणार होते. खरंच घेणार होते. मेलेल्या माणसाच्या दारात कोणी भांडत नाही. पण तो 'मुकाट' शब्द माझ्या घशाखाली उतरेना.

"खोटं आहे हे," मी म्हणाले. "त्यांनी प्रत्येक घासाला नाव ठेवलं. दिल्लीत मी त्यांच्याबरोबर होते. एक ताट पुरं खाल्लं नाही."

 नाशिकच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, तुमच्या जावेनं त्यांना हळूच सांगितलं, "ही पहिली विहीण." कोणीतरी जीभ चावली. मला वाटलं आता मला उठायला सांगतील.

तेवढ्यात आबा बोलले. मी त्यांना कधी बोलताना ऐकलंच नव्हतं, आवाज कसा आहे हेही मला माहीत नव्हतं.

"खरं हाये," ते म्हणाले. कोणाकडेही न बघता, स्वतःच्या तळहातांकडे बघत. "रोज ताट सरकवायची. माह्या समोर. मी म्हनत होतो, मीठ-मिरची कमी-जास्त झाली असंन." मग ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं. "पन सैपाक तर तीच करायची. सोताच रांधायची अन् सोताच सरकवायची. कायले, ते मले कधी समजलं नई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारत होते, अक्का. मला माहीत असेल असं त्यांना वाटलं होतं, आणि मला माहीत होतं. पण ते तुम्ही शेवटच्या फोनवर मला सांगितलं होतं, त्यांना नाही. जन्मभर समोर बसून ज्याला दिसलं नाही, त्याला परक्या बाईनं एका दुपारी काय दाखवायचं?

मी तुमच्या फोटोला हात जोडले, पदर सारखा केला आणि बसस्टँडकडे चालायला लागले.